मंगळवार बाजारात मिळालेली व्ही पायांची वेताची खुर्ची: चंदीगडची आहे का? रविवारी सुतार येतोय, लवकर सांगा

पूर्वभागकर | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आज आपल्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात एक खुर्ची घेतली, १८०० रुपयांना. भंगारवाल्याकडे कूलरच्या पत्र्याखाली उलटी पडली होती, फक्त पाय वर दिसत होते आणि ते पाय बघूनच थांबलो. बाजूने बघितलं की पुढचा आणि मागचा पाय वर हाताजवळ एकत्र येतात आणि खाली फाकतात, मध्ये आडवी पट्टी, म्हणजे उलटा व्ही, इंग्रजी ए अक्षर उभं केल्यासारखं. पाठ जरा मागे कललेली. बैठकीचा वेत पूर्ण फाटलाय, पाठीचा अर्धा शिल्लक आहे. सगळ्यावर चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय पण एका पायाचा रंग उडालाय तिथून सागवान दिसतंय असं मला वाटतं. वजन चांगलं आहे, एका हाताने उचलून रिक्षात ठेवताना दमलो.

नेटवर शोधलं तर अशाच पायांच्या खुर्च्या चंदीगडच्या म्हणून परदेशात लाखांत विकल्यात असं दिसलं. बैठकीच्या मागच्या पट्टीवर आतून पांढऱ्या रंगात इंग्रजी टी, मग ओ आणि पुढे ११ असं लिहिलंय, बाकी काही नाही. रविवारी आमचा नेहमीचा सुतार येतोय, तो म्हणतो मशिनने घासून पीयू (पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश) मारतो, तयार जाळी ठोकतो, नव्यासारखी होईल. करू का? कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

सागाचीफळी | मंगळवार, रात्री ११:१५

सुताराला आधी फोन करा आणि रविवारचं रद्द करा. बाकी सगळं नंतर.

दोन कारणं. एक म्हणजे जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, कोरडं मशिन लावलं की ती धूळ सगळ्या घरात बसते, लहान मुलं असतील तर अजिबात नको. दुसरं म्हणजे खुर्चीचं वय तिच्या वरच्या थरात असतं. हात घासून गुळगुळीत झालेले कोपरे, पायाच्या आतल्या बाजूला राहिलेल्या रंध्याच्या खुणा, त्या पांढऱ्या अक्षरांचा रंग, हे एकदा मशिनखाली गेलं की कुणीच काही सांगू शकणार नाही, चंदीगडची असो का सोलापूरची.

उद्या उजेडात एवढं करा. उलटी करून न रंगवलेल्या जागी कापसाला स्पिरिट लावून चोळा, चिकट होऊन कापूस तपकिरी झाला तर लाखेचं जुनं पॉलिश आहे. नखाने लपलेल्या जागी किंचित खरवडून वास घ्या, सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला तेलकट लागतं. स्क्रू असतील तर मायनसचे का प्लसचे बघा. बैठकीच्या चौकटीला भोकं आहेत का खोबण ते बघा, हाताने विणलेल्या वेताला भोकं लागतात, मशिनच्या जाळीला खोबण आणि त्यात ठोकलेली पट्टी. फोटो टाका, खालून.

सेक्टर२२_मराठी | बुधवार, सकाळी ७:५०

मी मूळचा बार्शीचा, नोकरीमुळे १४ वर्षं चंदीगडमध्ये आहे, म्हणून या विषयावर जरा लांब लिहितो.

फाळणीत लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी लागली. शहराचा आराखडा ल कॉर्ब्युझिएचा हे सगळ्यांना माहीत असतं पण तो वर्षातून थोडे दिवसच यायचा, इथे घर करून राहिला तो त्याचा चुलत भाऊ पिएर जानरे. १९५१ ते १९६५. सरकारी क्वार्टर, शाळा, युनिव्हर्सिटीच्या इमारती यात त्याचा मोठा हात आणि या सगळ्या इमारतींना हजारोंनी खुर्च्या टेबलं लागली तीही त्याच्याच देखरेखीत झाली. उर्मिला यूली चौधरी म्हणून आर्किटेक्ट त्याच्याबरोबर होत्या, फर्निचरमध्ये त्यांचंही काम आहे पण बाहेरच्या लिलावात त्यांचं नाव क्वचित येतं याचं मला फार वाईट वाटतं.

डिझाइन मुद्दाम साधं ठेवलं होतं. साग, वेत आणि जाड पाय. कुठल्याही गावच्या सुताराला जमेल असे सांधे, वेत असल्याने उन्हाळ्यात पाठीला हवा लागते, सागाला वाळवी सहसा लागत नाही. एका कारखान्यात नाही झाल्या, वेगवेगळ्या सुतारांकडे कामं दिली म्हणून दोन खऱ्या खुर्च्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. सही, शिक्का, कंपनीचं नाव काहीच नाही. ज्या ऑफिसात गेली त्या ऑफिसने रंगाने आपला नंबर टाकला एवढीच ओळख.

पुढे स्टील आणि फोमच्या खुर्च्या आल्या, या गच्चीवर आणि जिन्याखाली ढीग करून टाकल्या आणि भंगार म्हणून लिलावात गेल्या. परदेशातल्या व्यापाऱ्यांनी त्या स्वस्तात उचलल्या आणि तिकडे दुरुस्त करून विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या विक्रीवर बंदीचा आदेश काढला तोवर बरंच गेलं होतं. जानरे १९६७ ला जिनिव्हात वारला, त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी इथल्या सुखना तलावात सोडल्या. सेक्टर ५ मधलं त्याचं ५७ नंबरचं घर आता म्युझियम आहे, कधी आलात तर मी दाखवायला नेईन.

तुमच्या खुर्चीबद्दल खालचा फोटो बघितल्याशिवाय बोलणार नाही.

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ९:०५

अहो मग विका की बाहेर! लाखांत जाते म्हणतायत. माझ्या ओळखीत एकजण पुण्यात जुनं फर्निचर घेतो, त्याला फोटो पाठवू का?

सातरस्ता_आर्किटेक्ट | बुधवार, दुपारी १:३०

घाई नको. जगात आज चंदीगडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खुर्च्यांत कालपरवा बनवलेल्या, चहाच्या पाण्याने डाग पाडून वर स्टेन्सिलने नंबर टाकलेल्याही असतात. त्यामुळे नुसत्या पायांवरून आणि नंबरावरून कुणी चंदीगडची म्हणू नये आणि खात्री नसताना त्या नावाने विकणं तर सरळ फसवणूक आहे.

कायद्याचं पण सांगतो कारण लोक घोळ करतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू साधारण १०० वर्षं जुनी लागते, ५०-६० च्या दशकातलं फर्निचर त्यात बसत नाही, म्हणूनच ते देशाबाहेर एवढं सहज गेलं. जे नवीन बनवतात आणि नवीन म्हणूनच विकतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, बंगळुरूत फँटम हँड्स करतात, इटलीत कासिना करतं, ते उघड काम आहे.

आणि एक. तो काळच तसा होता. अशी पायांची ठेवण, निमुळत्या पट्ट्या, वेत, हे त्या वीस वर्षांत देशभरच्या चांगल्या सुतारांनी उचललं. मासिकात बघून, मुंबईच्या एखाद्या ऑफिसात बघून, साहेबाने कागदावर काढून दिलं म्हणून. मी स्वतः सोलापुरात जुन्या दवाखान्यांत आणि वकिलांच्या ऑफिसात तसे पाय बघितलेत. त्या सुतारांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत पण काम बघितलं तर एकेक सांधा आजही हलत नाही.

पूर्वभागकर | बुधवार, रात्री ९:२०

सुताराला नको म्हणून सांगितलं. जरा नाराज झाला.

उजेडात बघितलं, फोटो टाकलेत. कापूस तपकिरी झाला आणि चिकटला. वास आला, सागाच्या वखारीपाशी येतो तसा. स्क्रू फक्त चार, पितळेचे, मायनसचे. बाकी सगळं खाच पाडून बसवलंय आणि वरून लाकडी खुंट्या मारल्यात, खुंट्या गोल नाहीत, हाताने तासल्यासारख्या किंचित चौकोनी आहेत. चौकटीला भोकंच आहेत, पुढे ३१ आणि मागे २७. ऑइलपेंट नंतरचा आहे हे नक्की कारण ब्रश बैठकीच्या आत पोचलेलाच नाही, तिथे मूळ पॉलिश आहे आणि ती अक्षरं त्या पॉलिशवर आहेत. पुढच्या आडव्या पट्टीवर मधोमध खोलगट झीज आहे, दोन ठिकाणी, जसं कुणी रोज टाचा टेकवून बसत असावं.

सेक्टर२२_मराठी | बुधवार, रात्री १०:१०

फोटो नीट बघितले. माझं मत: ही चंदीगडची नाही. इथल्या ऑफिसच्या खुर्चीचे पाय यापेक्षा जाड असतात आणि पाठ दोन्ही पायांच्या मध्ये सुटी तरंगल्यासारखी दिसते. तुमच्या खुर्चीची पाठ मागच्या पायाला खांद्यासारखी जोडलीय आणि हाताला पुढे जो हलका बाक दिलाय तो इथे मी बघितलेला नाही. टी ओ असं कुठलं इथलं खातंही माझ्या डोळ्यासमोर येत नाही. माझं चुकू शकतं पण मी असतो तर त्या नावाने कुणाला दाखवली नसती.

सुतार मात्र पहिल्या नंबरचा होता. तो बाक एका अखंड लाकडातून काढलाय, रेघा बघा कशा वळल्यात, त्याने फळी निवडतानाच तो बाक बघितला असणार.

साचाखातं_रिटायर्ड | गुरुवार, सकाळी ६:२५

मी या ग्रुपवर फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहितोय, मुलाने टायपिंग शिकवलंय चुका असतील तर सांभाळून घ्या.

टी ओ म्हणजे टाइम ऑफिस. आपल्या सोलापूरच्या गिरणीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गेटमधून आत गेलं की पहिलं टाइम ऑफिस, तिथे बिल्ला दाखवायचा, हजेरी लागायची, खाडा लागायचा, पगाराचा कागद तिथूनच निघायचा. प्रत्येक खात्याच्या फर्निचरवर असा रंगाने नंबर असायचा, वीव्हिंगला डब्ल्यू, स्टोअरला एस. पांढऱ्या रंगात, आतल्या बाजूला. मी आमच्या साचेखात्यातल्या (साचा म्हणजे माग) स्टुलावर हजारदा बघितलाय. गिरणीला स्वतःचं सुतारखातं असायचं, धोटे आणि साच्याचे लाकडी भाग दुरुस्त करणारे सुतार, हात एवढा साफ की विचारू नका, साहेब लोकांच्या खुर्च्या टेबलं तेच करायचे. सागवान वरून यायचं, चांदा बल्लारशाकडून.

तुम्ही लिहिलंय पुढच्या पट्टीवर टाचांची झीज. टाइमकीपर खिडकीपुढे उंचावर बसायचा, पाय जमिनीला पुरायचे नाहीत म्हणून पट्टीवर टेकवायचा. खुर्चीखाली लाकडी चौथरा असायचा. खुर्चीच्या पायांना खाली खिळ्याची भोकं आहेत का बघा, चौथऱ्याला ठोकलेली असेल.

मी बदली कामगार म्हणून लागलो. बदली म्हणजे पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आपलं नाव पुकारणार. त्या खिडकीतून नाव यायचं. नाव आलं तर कडक भाकरीचं फडकं घेऊन आत, नाही आलं तर तसंच घरी. सात वर्षं अशी गेली मग परमनंट झालो. त्या खिडकीतला माणूस आम्ही कमरेच्या वरच बघितला, तो कशावर बसतो ते कधी दिसलं नाही.

सागाचीफळी | गुरुवार, सकाळी ७:००

काका, तुम्ही लिहीत राहा, एकही चूक नाही.

पूर्वभागकर | गुरुवार, सकाळी ७:४०

चारही पायांच्या तळाला भोकं आहेत. प्रत्येकी एक, तिरकी, आत गंज.

मी हे वाचून ऑफिसला अर्ध्या तासाने उशिरा निघालो. माझे नाना, म्हणजे वडील, पण बदलीवरच लागले होते, नंतर साच्यावर. अम्माला, म्हणजे आईला, अजून काही बोललो नाहीये.

कडकभाकरी | गुरुवार, दुपारी १२:१५

मी वर विका म्हणून लिहिलं ते मागे घेतो. पुण्याच्या माणसाचा मेसेज आला होता, ३० हजार देतो म्हणाला, मी त्याला नाही असं कळवलं आहे, तुम्हाला न विचारता कळवलं त्याबद्दल माफ करा.

पूर्वभागकर | गुरुवार, दुपारी १२:३०

बरोबर केलंत.

वेतवाला_पुतण्या | गुरुवार, रात्री ८:५५

वेताचं मी सांगतो. आमचे काका जन्मापासून आंधळे, सरकारी कचेरीत खुर्ची विणणारे म्हणून आयुष्यभर नोकरी केली. पूर्वी सरकारी खात्यांत आणि रेल्वेत ही जागा असायची, अंध माणसांना शाळेतच हे काम शिकवायचे कारण ते बोटांनी मोजून करता येतं. लाकडी खुर्च्या आणि त्या लोखंडी नळीच्या, दोन्हीला वेत, पाच-सहा वर्षांनी बैठक बसली की काढायची आणि नवी विणायची. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या, मग फोम आला, काका रिटायर झाले त्यानंतर ती जागा भरली नाही.

तुमची पुढे ३१ मागे २७ भोकं काकांना वाचून दाखवली. लगेच म्हणाले बैठक पुढे रुंद आहे, मधल्या भोकापासून सुरू करायचं, दोन्ही कडेच्या दोन-दोन उभ्या पट्ट्या मागे न नेता बाजूच्या चौकटीत सोडायच्या. मी तुमचा फोटो त्यांना सांगितला पण नव्हता.

तयार जाळी ठोकू नका. त्यासाठी सुतार चौकटीत खोबण पाडणार आणि भोकं बुजवणार, मग ती खुर्ची परत कधीच हाताने विणता येणार नाही. सहा पदरी वीण असते. आधी उभं, त्यावर आडवं, परत उभं, मग आडवं पण यावेळी खालवर घालून, मग दोन तिरके, एक इकडून एक तिकडून. मग कडेने जाड पट्टी बांधून भोकं झाकायची. नीट झालं की मधली भोकं आठ कोनी दिसतात. वेत कोमट पाण्यात भिजवून ओला असतानाच ओढायचा, वाळला की आपोआप ताणतो.

काका ७९ वर्षांचे आहेत, डोळ्यांचा प्रश्न नाही पण बोटं आता दुखतात. विचारलं करता का. म्हणाले खुर्ची घेऊन ये म्हणावं, नाहीतर मला तिकडे ने.

सातरस्ता_आर्किटेक्ट | गुरुवार, रात्री ९:४०

विणायच्या आधी लाकडाचं आटपा, नाहीतर रंग काढताना नवा वेत खराब होईल. पेंट रिमूव्हर लावा, गच्चीवर, हातमोजे घालून, थोड्या थोड्या जागेवर. मऊ झालेला थर लाकडी चपट्या पट्टीने काढा, कोपऱ्यात जुने पॉलिशवाले करायचे तसा काचेचा तुकडा हलक्या हाताने. हीट गन नको, खालची लाख वितळेल. अक्षरांच्या आसपास चार बोटं जागा अजिबात हात लावू नका. पीयू नको, त्याने प्लॅस्टिकसारखी चमक येते आणि पुढे कुणाला दुरुस्त करायची तर सगळं खरवडावं लागतं. लाखेचं स्पिरिट पॉलिश दोन हात पातळ, वर मेण. झीज भरू नका, टाचांची तर नाहीच.

पायातली भोकं पण तशीच ठेवा.

सागाचीफळी | गुरुवार, रात्री ९:५२

सातरस्ता यांच्याशी एका बाबतीत मतभेद. चॉकलेटी रंग सगळा काढावा असं मला वाटत नाही. गिरणी बंद पडल्यावर ती खुर्ची कुणाच्या तरी घरी गेली, त्यांनी दिवाळीला घरचं कपाट रंगवलं त्यात हिलाही रंग दिला, तोही तिचाच काळ आहे. एका पायाच्या मागे बोटभर ठेवा.

पूर्वभागकर | रविवार, रात्री ११:०५

मंडळी, आज झालं तेवढं सांगतो.

शुक्रवार शनिवार रात्री रंग काढला. मागच्या डाव्या पायावर आतून बोटभर चॉकलेटी ठेवलाय. खाली जे निघालं त्याचे फोटो टाकलेत, मला शब्दांत सांगता येत नाही, हाताचा पुढचा भाग इतका गुळगुळीत आहे की तिथे पॉलिश लावायची गरजच वाटली नाही.

आज सकाळी काकांना आणि पुतण्याला घरी आणलं. काकांनी आधी खुर्ची मांडीवर आडवी घेऊन सगळीकडून हात फिरवला, पाच-सात मिनिटं काही बोलले नाहीत. मग खुंटीवर नख ठेवून म्हणाले ही पटाशीने तासलीय, रंध्याने नाही. मग हाताच्या बाकावर अंगठा ठेवून म्हणाले हा डावखुरा सुतार होता. मी विचारलं कसं कळलं, म्हणाले डावीकडचा बाक उजवीपेक्षा साफ आहे, त्या बाजूला हात मोकळा चालला. खरं खोटं मला माहीत नाही पण त्यानंतर मी बघितलं तर डावी बाजू खरंच साफ आहे.

अकराला सुरू केलं, मध्ये जेवण, साडेसहापर्यंत बैठकीचे चार पदर झाले. तिरके राहिले. पुतण्या वेत भिजवून देत होता, काका भोकं बोटाने मोजत होते आणि मधून मधून लाकडी खुंटी भोकात मारून पट्टी अडकवत होते. आमच्या गल्लीतली मुलं बसून होती दारात. उकाड्यात वेत लवकर वाळतोय म्हणून ओलं फडकं टाकून ठेवलंय रात्रीपुरतं.

अम्माला दुपारी सांगितलं. ती ७४ वर्षांची आहे, तेलुगूत बोलते घरात. टाइम ऑफिस म्हटल्यावर तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली लग्न होऊन आल्यावर पहिली तीन वर्षं ती सकाळी दाराकडे बघायची, नाना नऊच्या आत परत दिसले तर समजायचं आज नाव आलं नाही, मग त्या दिवशी ती स्वतः जास्त विड्या वळायची. हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. मग खुर्चीजवळ आली, काकांनी विणलेल्या पट्ट्यांवर तळवा दाबून बघितला आणि विचारलं यावर माणूस बसला तर तुटणार नाही ना. काका म्हणाले सहाही पदर होऊ द्या, मग तुम्हीच बसून सांगा.

साचाखातं_रिटायर्ड | सोमवार, सकाळी ६:१०

त्यांना माझा नमस्कार सांगा. पूर्ण झाली की मला बघायला यायचं आहे. रिक्षाने येईन, फक्त कुठल्या दिवशी ते कळवा.

वेतवाला_पुतण्या | सोमवार, रात्री ८:२०

काकांचा निरोप: तिरके पदर आणि कडा गुरुवारी करू, पाठ पुढच्या रविवारी. पाठीचा जुना वेत कापून टाकू नका, त्याची वीण मोजून तशीच करायची आहे. खुर्ची खिडकीच्या उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये वेत कोरडा पडून तडकतो, आठवड्यातून एकदा बैठकीखालून ओलं फडकं फिरवायचं, वरून नाही, वरची बाजू चकचकीत असते ती पाणी पीत नाही. खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर लगेच फोन करा, किडा असतो.

आणि जाड कडेची पट्टी कमी पडतेय, मी उद्या मागवतोय. अजून कुणाच्या घरी वेताची खुर्ची फाटून पडली असेल तर आत्ताच सांगा, एकदम मागवू. काका म्हणाले बोटं दुखतात तरी अजून दोन-तीन होतील.

सातरस्ता_आर्किटेक्ट | सोमवार, रात्री ८:४५

माझ्याकडे एक आहे. आजोबांची, नळीची. लिहून घ्या.

पूर्वभागकर | सोमवार, रात्री ९:००

साचाखातं काका, रविवारी या, दुपारी चारनंतर. अम्मा म्हणाली तोवर त्यावर कुणाला बसू देणार नाही.